दीडपट वेग

सिरीज तिच्या मूळ वेगानं बघणं मला जमत नाही. माणसं बोलायच्या आधी एकमेकांकडे बघत बसतात, दार उघडायला वेळ लावतात, कुणी गाडीतून उतरलं की तो घरात शिरेपर्यंत कॅमेरा त्याच्या मागे मागे. माझा जीव वरखाली होतो. म्हणून मोबाईलवर वेग दीडपट करून ठेवायचा, गाणं आलं की पुढे ढकलायचं आणि एक सिरीज संपायच्या आत दुसरी कोणती लावायची ते ठरवून टाकायचं. जेवतानाही माझं असंच असतं, असं बायको म्हणते. तिनं भात वाढायला घ्यावा तर मी हात धुऊन उभा असतो.

या घाईनं मला एक मान मात्र मिळवून दिला. सोलापूरच्या चाटी गल्लीत आमचं चादरी-टॉवेलांचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आजूबाजूचे दुकानदार चहाला येतात आणि बसायच्या आधीच विचारतात, नवीन काय बघायचं. मी माणूस बघून सांगतो. ज्याचं घरात वाजलंय त्याला नवराबायकोची सिरीज सांगायची नाही. ज्याचा मुलगा परीक्षेला बसलाय त्याला कोचिंग क्लासवाली तर मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात तासभर वाद होतो, आणि कुणी अडखळत बोलायला लागलं की मला राहवत नाही, मी शेवट सांगून मोकळा होतो. त्याबद्दल शिव्याही भरपूर खाल्ल्यात.

अशा माणसाच्या घरात अव्वा गप्प होत चालली होती.

अव्वा म्हणजे माझी आई. तिचं माहेर अक्कलकोटच्याही पलीकडचं, तिची पहिली भाषा कन्नड. पण वडील मराठी शाळेत मास्तर. पोराला शाळेत कुणी हसू नये म्हणून माझ्याशी घरात फक्त मराठी बोलायचं, असा त्यांचा दंडक होता आणि अव्वानं तो आयुष्यभर पाळला. माझी थोरली बहीण, अक्का, आजोळी वाढली, म्हणून तिला कन्नड आलं. मला चार शब्द. ऊटा म्हणजे जेवण, नीरु म्हणजे पाणी, साकु म्हणजे पुरे, हौदु म्हणजे होय. त्याहून जास्त लागेल असं कधी वाटलंच नाही.

मागच्या वर्षी अव्वाला अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, काठी घेऊन चालायलाही लागली, पण बोलायला लागली ती फक्त कन्नड. मराठी गेलं. ज्या मराठीत तिनं मला रागावलं, जेवू घातलं, माझं लग्न ठरवलं, ते सगळं गेलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, पहिली भाषा टिकते. आणि बजावलं, की त्यांना बोलतं ठेवा, बोलणं थांबलं तर उरलेलंही जाईल. मी जोरात मान हलवली. घरी आल्यावर तिच्यासमोर बसलो तर काय बोलायचं तेच कळेना. माझी बायको लातूरकडची, तिचीही तीच गत. दिवसभरात अव्वा दहा शब्द बोलायची, मग पाच, मग नुसता हात हलवायची. मी या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालायचो. भीती वाटायची, सरळ सांगायचं तर. उद्या सकाळी ती काहीच बोलली नाही तर?

अक्का दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावात दिलेली. तिथं घरात, गोठ्यात, पारावर सगळीकडे कन्नड. तिचा फोन आला, "माज्याकडं दे की तिला. हितं बोलायला मान्सं हायत. तुज्या घरात मुकी व्हायची ती."

"जमवतो मी," म्हणालो.

"कसं जमवतोस? तुला तिचं काय कळतं?"

हे लागलं मला. मुलगा मी, आणि आई माझ्या घरात मुकी होईल म्हणे. मग मला जे येतं ते मी केलं. कन्नड आवाजातल्या सिरीज शोधायला लागलो. इंडीकडून, विजयपुराकडून चादरी घ्यायला गिऱ्हाईकं येतात, त्यांच्या खनपटीला बसलो. तुमच्या घरची म्हातारी माणसं काय बघतात? जो तो भावाची घासाघीस सोडून मला सिरीज सांगायला लागला. आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो, आता मीच दारोदार मागत होतो.

संध्याकाळी दुकान बंद करून आलो की मोबाईल टीव्हीला जोडायचा, आवाज कन्नड, खाली इंग्रजी अक्षरं, म्हणजे मलाही कळावं. अव्वाला खुर्चीत बसवायचं. सासूसुनेची लावली, पोलिसाची लावली, देवाची लावली. ती जरा वेळ बघायची, कपाळाला आठी घालायची, भिंतीकडे तोंड फिरवायची आणि म्हणायची, "साकु." मी लगेच दुसरी लावायचो. पुन्हा साकु. तिचे दिवसाचे सगळे शब्द मी असे साकुमध्ये खर्च करवत होतो. शेवटी एका विजयपूरवाल्यानं एक सिरीज सांगितली. एका गावात दोन जावा मिळून खानावळ चालवतात, पण एकमेकींशी बोलत नाहीत. आमटीत मीठ कमी आहे हे सांगायलाही गिऱ्हाईकाला मधे घालतात. मला ती फार आवडली. अव्वानं तिलाही साकु म्हटलं. मी हात टेकले.

रविवारी अक्का आली. न्यायच्या तयारीनंच आली होती, आल्या आल्या अव्वाची लुगडी पिशवीत भरायला घेतली. आपण काहीतरी केलंय हे तिला दिसावं म्हणून तीच खानावळ लावून दिली. अक्का लुगडं हातात धरून टीव्हीसमोर उभी राहिली.

"आरं, ही मान्सं अशी का पळत्यात?"

"कुठं पळतायत?"

"चालताना बग की. आन् बोलणं केवढं भराभरा. मलाच कळंना, तिला काय कळंल?"

मी मोबाईल बघितला. वेग दीडपट. कायमचा तसाच ठेवलेला, म्हणून टीव्हीवरही तसाच उतरत होता. झटक्यातून उठलेल्या बाईला मी इतके दिवस असं धावतं कन्नड ऐकवत होतो आणि वर तिला काही आवडत नाही म्हणून वैतागत होतो.

वेग मूळचा केला. जावा जमिनीवर आल्या. अव्वानं भिंतीकडून तोंड वळवलं. थोरलीनं धाकटीच्या हातातली कळशी ओढून घेतली तेव्हा अव्वा एकदम बोलली, लांबलचक, मला न कळणारं. अक्कानं तिला उलट काहीतरी सुनावलं. दोघींची जुंपली. अक्का मला सांगत होती, "ती म्हणती, सण्णाकीदु तप्पु. धाकटीचं चुकलं म्हणती. मी म्हणते, थोरलीच आगाऊ हाय." अव्वाला एवढं बोलताना मी आजारपणानंतर ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लपवायला मी पंख्याचं बटण बघत बसलो.

पिशवी रिकामी झाली. अक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे. थोडे दिस बगू."

मग मी रोज बसलो. मूळ वेगानं. दार उघडेपर्यंत थांबलो, आमटी उकळेपर्यंत थांबलो. पाय आपोआप हलायचा, तो दुसऱ्या पायानं दाबून ठेवायचो. अव्वा बघता बघता माझ्याकडे वळून काहीतरी म्हणायची आणि थांबायची. मी म्हणायचो, "हौदु." ती पुन्हा काही म्हणायची. हौदु. पडद्यावरच्या माणसांचं बोलणं खाली इंग्रजीत येत होतं. आईच्या बोलण्याखाली काहीच येत नव्हतं. चौथ्या की पाचव्या संध्याकाळी तिनं मला काहीतरी विचारलं, मी हौदु म्हणालो, आणि तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. हा होयबा आहे, हे तिला कळलं होतं. त्यानंतर ती बघायची, पण बोलायची नाही. भांडायलाच कुणी नाही तर बोलायचं कशाला?

दोन दिवस मी स्वतःशी तणतणलो. मग मीच अक्काला फोन केला. "घेऊन जा," म्हणालो. एवढेच शब्द निघाले. तीही टोमणा न मारता "बरं" म्हणाली.

अक्का न्यायला आली तेव्हा तिच्या मोबाईलवर ती खानावळ लावून दिली, वेग तीनदा तपासला. रिक्षात बसताना अव्वानं माझ्या गालावरून हात फिरवला. आपण कुठं चाललोय हे तिला कळत होतं की नाही, मला ठाऊक नाही. मला फार वाईट वाटलं. संध्याकाळी टीव्हीसमोरची तिची रिकामी खुर्ची बघवेना, म्हणून मी ती बाल्कनीत नेली, आणि बाल्कनीत बघवेना म्हणून परत आणली.

सिरीजचे पुढचे भाग माझ्याकडेही होते. एका बैठकीत संपवता आले असते. हात शिवशिवत होते. दुकानात इंडीकडचा कुणी तिचा शेवट सांगायला लागला तेव्हा मी त्याला चहाचा अर्धा कप हातात देऊन बाहेर काढलं. आणि त्या विजयपूरवाल्याला फोन करून एक वाक्य आणि 'नाही'ला काय म्हणतात ते विचारून घेतलं. बिलं करताना पुटपुटत पाठ केलं.

आठवड्यानं अक्काला फोन लावला, म्हटलं, अव्वाच्या कानाला लाव.

"अव्वा, मुंद एनातु?" पुढं काय झालं?

पलीकडे नुसता श्वास. मग कुठल्यातरी गाईचं हंबरणं. मी उठून फिरायला लागणार होतो, पण बसून राहिलो. आणि अव्वा सांगायला लागली. हळू, अडखळत, मधे शब्द शोधत. मी घाई केली नाही. खानावळीला कुलूप लागलं एवढं कळलं, किल्ली धाकटीनं नेली असावी. बाकीचं वाहून गेलं. ती थांबली तेव्हा मी धीर करून म्हणालो, "सण्णाकीदु तप्पु इल्ल." धाकटीचं चुकलं नाही.

मग अव्वा माझ्याशी भांडायला लागली.