आधी पोचायचं गाव

इतवारा बाजारातल्या एका कापडाच्या पेढीवर एक कारकून होता. बाहेरगावी जाणाऱ्या कापडाच्या गठाणींवर काळ्या शाईनं गावांची नावं तो लिहायचा आणि कॉम्प्युटरही तोच बघायचा. कापडाच्या नमुन्यांचे फोटो दूरच्या नव्या सर्व्हरवर चढवायला मी एक कमांड लिहून दिली होती. तिच्यात आधी कुठून, मग कुठे, असं टाइप करायचं. त्यानं उलट टाइप केलं. रिकाम्या सर्व्हरची नक्कल भरलेल्या फोल्डरवर उतरली आणि दहा वर्षांच्या नमुन्यांचे फोटो साफ झाले.

मी सगळ्यांसमोर ओरडलो, "वाचता येत नाही का तुम्हाला?"

त्यानं शाईची बोटं पँटला पुसली आणि शेजारची गठाण माझ्याकडे वळवली. वर पोचायचं गाव, खाली पाठवणाऱ्याचं.

"साहेब, गठाणीवर असंच लिहितो आम्ही. पण आमचा हमालसुद्धा उचलायच्या पहले पूछतो, कुठं टाकू? तुमच्या मशीननं एकदा पण नाही पूछलं."

मी दार आपटून निघालो. त्याचं नावही विचारलं नाही.

अजून आठवलं की डोकं भडकतं. तो प्रश्न विचारणारी ओळ त्या कमांडमध्ये मुळात होती. असले प्रश्न अडाण्यांना लागतात म्हणत मीच ती काढून टाकली होती.