रेक्टरबाईंनी निळ्याला मॉनिटर केलं

निवृत्त होऊन वर्ष लोटलं तरी बाईंना सगळे रेक्टरबाईच म्हणत. घरात चष्मा सापडेनासा झाला की यजमानसुद्धा विचारत, "रेक्टरबाई, जप्त केलात की काय?"

मुलींच्या वसतिगृहात बाईंची उभी हयात गेली होती. कुणाला कुणाच्या खोलीत घालायचं याचं त्यांचं स्वतःचं एक शास्त्र होतं. घोरणारी असेल तिला कुंभकर्णाच्या बहिणीजवळ, रडवी असेल तिला बडबडीजवळ. आणि जी सगळ्यांत आडदांड, तिला सगळ्यांच्या आधी बोलावून मजल्याची मॉनिटर करून टाकायचं. अंगावर जबाबदारी पडली की वाघाची शेळी होते, हा त्यांचा सिद्धांत. तो कधी चुकला नव्हता. निदान चुकल्याचं बाईंच्या कानावर घालायची कुणाची छाती झाली नव्हती.

परगावच्या मुलानं आईला विरंगुळा म्हणून खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी पाठवली. बाईंनी मीठ मोजून पाणी केलं, समुद्रातले खडक रचले, पाणी मुरायला ठेवलं. रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ बंद केलेले यजमान शेजारी उभे राहून बघत होते. "माझ्या ताटातलं काढलंस आणि इथे पिशवीनं ओततेस," ते म्हणाले. "माशांचं रक्त माझ्यापेक्षा थंड दिसतंय."

पाणी तयार झालं तशा बाई माशांच्या दुकानात गेल्या. गल्ल्यावरच्या तरुण दुकानदारणीच्या हातातली जाळी त्यांना पाहताच खाली पडली.

"अगं, तू खिडकी ना?"

"हो बाई," म्हणत ती ताठ उभी राहिली. वसतिगृहात असताना तिनं दाराचा वापर असा फारसा केलाच नव्हता, म्हणून हे नाव.

बाईंनी नारंगी क्लाऊनफिशची एक जोडी निवडली. मग एक फायरफिश निवडला: पुढून पांढरा, मागून पेटल्यासारखा लाल, डोक्यामागे तुरा, आणि इतका लाजरा की बाई खोकल्याबरोबर तो दगडाआड गेला. शेवटी त्यांची नजर बोटाएवढ्या निळ्या डॅमसेल माशावर गेली. आपल्या दुप्पट माशांना तो कोपऱ्यात पिटाळत होता.

"हा कसा आहे गं?"

"जरा तापट आहे, बाई. घ्यायचाच असेल तर तो सगळ्यांत शेव…"

"सगळ्यांत आधी सोडायचा. कळलं मला. मॉनिटर करायचं त्याला."

खिडकीनं तोंड उघडलं. बाईंनी एक भुवई उचलली. तोंड मिटलं.

"हो बाई."

निळा पंधरवडाभर टाकीत एकटाच राहिला. प्रत्येक कपारीत शिरून त्यानं पाहणी केली, नको ती वाळू तोंडानं उचलून बाहेर फेकली. "बघा, कसा जबाबदार झालाय!" बाई कौतुकानं म्हणाल्या.

मग बाकीचे आले आणि मॉनिटरनं काम सुरू केलं. नारंगी जोडी पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात बिऱ्हाड करून राहिली. फायरफिशचा तुरा कुरतडला गेला. तो पंपामागे जो लपला, तो जेवायलाही बाहेर येईना.

बाईंनी आपले सगळे उपाय करून पाहिले. निळ्याला आधी जेवू घातलं. तो आपलं खाऊन दुसऱ्यांचंही खायला हजर. शिक्षा म्हणून दिवा बंद केला. काचेवर टकटक करून त्याला चार शब्द सुनावले.

"काचेवर नोटीस लाव," यजमान म्हणाले.

"अहो, रुळायला वेळ लागतो. पहिल्या वर्षाच्या मुली नाही का…"

पण फायरफिशचं पोट खपाटीला गेलं तेव्हा यजमानांची थट्टा थांबली. गरीब स्वभावामुळे तो त्यांना आपल्यातला वाटायला लागला होता. सकाळी उठून आधी ते पंपामागे डोकावत. "अगं, हा मरेल," ते म्हणाले. "चुकले असं म्हणू नकोस हवं तर. पण त्या दुकानातल्या पोरीला बोलाव."

बाई स्वतः पंपामागे डोकावल्या. आपल्या हाताखालची एकही मुलगी उपाशी झोपली नव्हती, हा त्यांचा खरा अभिमान होता. त्यांनी फोन उचलला.

खिडकी बादल्या, जाळी आणि भोकं पाडलेला एक पारदर्शक डबा घेऊन आली. टाकीत पाहिलं आणि म्हणाली, "बाई, तुम्ही चुकलात."

यजमान हळूच स्वयंपाकघरात सटकले.

"मुलीला मजला दिला तर ती तो सांभाळते. माशाला दिला की मजला त्याचा होतो. आधी आला त्याचं घर. म्हणून भित्र्याला आधी सोडायचं, दांडगटाला शेवटी."

"मग दुकानात का नाही बोललीस?"

"तुम्ही भुवई उचललीत, बाई."

बाईंनी पदर खोचला आणि विचारलं, "आता काय करायचं?"

"निळ्याला पकडून या डब्यात कोंडायचं. डबा टाकीतच टांगायचा. मग खडक सगळे नव्यानं रचायचे, म्हणजे त्याची जहागिरी बुडते."

पण निळा कुठला जाळीत येतोय! इकडून जाळी घातली की तो तिकडे. खिडकीच्या बाह्या भिजल्या, फरशीवर तळं झालं, स्वयंपाकघरातून सल्ले येऊ लागले. शेवटी बाईंचंच डोकं चाललं.

"दांडगट कुणावर धावून जातो? दुसऱ्या दांडगटावर. अहो, दाढीचा आरसा आणा!"

उघडा डबा आतून काचेला टेकवला आणि बाहेरून आरसा धरला. आपल्याच घरात आपल्याएवढाच निळा उपटसुंभ पाहून मॉनिटरसाहेब त्वेषानं डब्यात घुसले. खिडकीनं झाकण लावलं.

खडक हलले, नव्या कपारी झाल्या. नारंगी जोडी खाली उतरली. फायरफिश मात्र पंपामागेच. त्या दिवशी त्यानं खाल्लं नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. बाईंच्या घशाखालीही घास उतरेना.

मग एका दुपारी तो बाहेर आला. नव्या कपारीत शिरला, पुन्हा अर्धा बाहेर आला. बाईंनी नळीनं खाणं अलगद त्याच्यासमोर सोडलं. डब्यातून निळा जळफळत पाहत होता.

बाईंनी फोन लावला. "खाल्लं गं!"

"किती, बाई?"

"एक कण. तो थुंकला. परत उचलला. आता दुसरा… तिसरा!" यजमान मागून ओरडले, "चौथा!"

"मग जगला, बाई."

"निळ्याला कधी सोडू?"

"अजून नाही. याचं बस्तान बसू दे, भरपूर खाऊ दे. मग मीच येईन."

"तोवर मी काय करू?"

"काही करू नका, बाई."

बाईंनी टाकीकडे पाहिलं, यजमानांकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "त्यापेक्षा सोपं काही सांग की गं."