मागची सीट

"बसला का गा?"

मोटारसायकल चालू करून, क्लच दाबून, मान न वळवता हनुवटी तेवढी उजव्या खांद्याकडे आणून ते विचारत. मागून "बसलो" असा शब्द आल्याशिवाय गाडी हलत नसे. नुसतं "हं" चालत नसे. सीटवर वजन पडलेलं त्यांना कळत नव्हतं असं नाही. माझं वजन तेव्हाही कळण्याजोगं होतं. तरी शब्द लागायचा.

पदानं ते पशुधन पर्यवेक्षक होते, पण ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर, असा गावाकडचा हिशेब. म्हणून मीही त्यांना डॉक्टरच म्हणतो. त्याच सरकारी जनावरांच्या दवाखान्यात मी परिचर. पुलगावच्या अलीकडची गावं आमच्याकडे होती. लाळ्या-खुरकुताची लस टोचायला निघालो की पुढे डॉक्टर, मागे मी आणि माझ्या मांडीवर लसीची बर्फाची पेटी. पेटी पाझरायची. गावात उतरलो की लोक आधी माझ्या ओल्या पॅन्टकडे पाहत आणि मग रामराम करत.

त्या शब्दाच्या आग्रहामागे एक गोष्ट होती आणि ती सगळ्या तालुक्याला पाठ होती. माझ्या आधीचा परिचर एका गावात आडोशाला गेला आणि तो येऊन बसला असं समजून डॉक्टर निघाले. पुढच्या गावापर्यंत ते त्याच्याशी बोलत गेले. त्याच्या पोरीच्या सोयरिकीबद्दल चांगला सल्लाही दिला म्हणे. पोचल्यावर पाहतात तर मागे कोणी नाही. तुम्हाला हसू येईल, तेही हसायचे. मला मात्र एकदा हळूच म्हणाले होते, "मांगं मानूस आहे असं समजून बोलत राह्यलो ना गा, तं मंग कसंतरीच झालं मले."

विचारल्याशिवाय काही करायचं नाही, असा त्यांचा स्वभावच होता. गाईला टोचायच्या आधी मालकाला तिचं नाव विचारायचे. मग तिच्या कानाशी जाऊन त्या नावानं हाक मारायचे, पाठीवर हात फिरवायचे आणि मगच सुई. आमच्याकडच्या गवळाऊ गाई अंगानं हलक्या आणि स्वभावानं तिखट. दोरी धरणारा मी असल्यामुळे लाथ मला बसायची. नाव विचारण्यात वेळ जातो, तोवर ती सावध होते, असं मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, "तुले कोनी न सांगता टोचलं तं तू काय करशीन?"

मला हेवा लवकर वाटतो, हे आत्ताच सांगून टाकतो. डॉक्टरांची गाडी साधी शंभर सीसीची, बुटकी, लांब सीटची, बाजूला साडी अडकू नये म्हणून जाळी लावलेली. मागच्या अर्ध्या सीटला माझ्या बसण्यानं खळगा पडला होता. एकदा वरून एक साहेब तपासणीला आले आणि डॉक्टरांनी त्यांना मागे बसवून नेलं. मी पेटी घेऊन एसटीनं गेलो. साहेब माझ्या खळग्यात बसले याचा मला इतका राग आला की दुसऱ्या दिवशी मी "बसलो" हा शब्द फार उशिरा दिला. डॉक्टर गाडी चालू ठेवून थांबून राहिले.

वहिनी, म्हणजे त्यांची पत्नी, दवाखान्यात नर्स होत्या, माणसांच्या. त्यांना न्यूझीलंडला नोकरी लागली. डॉक्टरांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि मागोमाग निघाले. जाताना गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "चालवत जाजो. उभी ठेवली का बॅटरी बसते." मला तर चालवता येत नव्हती. पिकल्या मिशांनी मी बोरगाव मेघेच्या मैदानात ती शिकलो, पोरं क्रिकेट थांबवून बघत होती. बायकोनं माझ्यामागे बसायला साफ नकार दिला. मागच्या सीटवर मी लसीची पेटी ट्यूबच्या पट्टीनं बांधू लागलो.

तिकडे डॉक्टर एका दुधाच्या फार्मवर लागले. शेकडो गाई, काळ्या-पांढऱ्या. त्यांना गोठ्याकडे वळवून आणायचं, तेही मोटारसायकलवर बसून. फोनवर ते त्या गाडीबद्दल नव्या नवरदेवासारखे बोलायचे. उंच, सडपातळ, चिखलात रुतायचे नाहीत असे दातेरी टायर. हॉर्न नाही. पहिले आठ दिवस त्यांचा अंगठा नुसता हॉर्न शोधत होता. आपल्या गाडीचे सगळे गियर खाली दाबायचे, तिकडे पहिला खाली आणि बाकीचे पंजानं वर उचलायचे. त्या गोंधळात ते दोनदा शेणात पडले. "आता जमून राह्यलं," म्हणाले. "पन गाईले नावं नाईत गा इथं. कानात नंबर हाये."

मग फोटो आला. गाडीवर डॉक्टर, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, मागे हिरवंगार गवत. आणि त्यांच्या मागे, सीटच्या शेवटी लोखंडी कॅरियरवर, छाती काढून एक कुत्रा बसलेला. काळा-पांढरा, कान उभे, चेहऱ्यावर असा भाव की जसं काही ही जागा त्याच्या आजोबांनी घेऊन ठेवली होती. तिकडे म्हणे हीच पद्धत. गाई वळवायला कुत्रा लागतो आणि तो मालकामागे गाडीवर बसून जातो.

दवाखान्यात फोटो सगळ्यांनी पाहिला. मी गप्प झालो हे एकानं ओळखलं आणि विचारलं, जळून राह्यला का? मी हो म्हणालो. त्याला वाटलं परदेशाचा हेवा. त्या धुक्याचं आणि गवताचं मला काय करायचं होतं? माझा जीव जळत होता तो त्या कुत्र्यावर. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तसं झालं होतं. शिवाय ह्याच्या मांडीवर पेटीसुद्धा नाही.

एकच गोष्ट मला जाणून घ्यायची होती. निघताना डॉक्टर त्याला विचारतात का? दर फोनवर प्रश्न ओठापर्यंत यायचा. पण बायकोपोरांचा धनी असलेल्या माणसानं न्यूझीलंडला फोनवर हे विचारायचं कसं? मी आडून आडून चौकशी करायचो. कुत्रा शहाणा आहे का, सांगितलेलं कळतं का. ते म्हणायचे, लय हुशार. मग माझं जेवणावरचं मन उडायचं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीला ते आले. पवनारजवळच्या एका शेतकऱ्याची म्हातारी गवळाऊ गाय त्यांना बघायची होती, तिचं नाव त्यांच्या लक्षात होतं. सकाळी घरी आले. मी गाडी आदल्या दिवशीच धुऊन ठेवली होती, मागची सीट तर दोनदा पुसली होती. किल्ली दिली. ते बसले, गाडी चालू झाली. मी फाटकाची कडी लावून वळलो आणि गाडी निघून गेली.

हनुवटी वळली नाही, शब्द विचारला नाही, काही नाही. मी रस्त्यावर उभा. कोपऱ्यावरच्या कडुनिंबापाशी त्यांनी तिकडच्या सवयीनं दुसरा गियर वर उचलला. तो आपल्या गाडीत न्यूट्रलला गेला आणि गाडी नुसतीच ओरडू लागली. गाडी थांबली. ते मागे बघून काहीतरी बोलले, बहुतेक गियरबद्दलच. मागे कोणी नव्हतं.

ते गाडी ढकलत वळवून परत आले. चेहरा उतरलेला. "तिकडं तो चालत्या गाडीवर उडी मारते गा. त्याले विचारा लागत नाई."

इतके दिवस अडकलेलं उत्तर असं फुकटात मिळालं. कुत्र्याला विचारत नाहीत, याचा मला खरंच आनंद झाला. आणि मलाही विचारलं नाही, याचा त्याच क्षणी रागही आला. माझ्या तोंडून निघालं, "मी काय उडी मारणारा आहो का?"

ते हसले नाहीत. मी बसलो. खळगा माझाच होता, ओळखीचा. हनुवटी उजव्या खांद्याकडे आली. "बसला का गा?" मी शब्द दिला नाही. राग होता आणि मला तो पुरवून वापरायचा होता. समोरची बाई दार उघडून बघून आत गेली, तरी ते क्लच दाबून थांबून राहिले. शेवटी मी "बसलो" म्हणालो. त्या दिवशी ते प्रत्येक थांब्यावर विचारत होते, धाम नदीवर चहा प्यायलो तिथेही. गाईनं त्यांना ओळखलं नाही. मला मात्र ओळखलं आणि लाथ मारली.

ते परत गेले. पुन्हा यायचं त्यांचं काही दिसत नाही, वहिनींनी तिकडे घर बघितलंय.

परवा वहिनींचा एक व्हिडिओ आला. धुकं, गवत, ती दातेरी टायरची गाडी. डॉक्टर बरसाती घालून बसलेले. कुत्रा मागे आधीच चढलेला, जीभ बाहेर. गाडी चालू आहे पण निघत नाही. डॉक्टरांची हनुवटी उजव्या खांद्याकडे आली.

"बसला का गा?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझाच प्रश्न इथून नेला आणि त्याला दिला. व्हिडिओत वहिनींचा हसण्याचा आवाज येतो. "गावाकडून आल्यापासून हे असंच करून राह्यले. कुत्रं बसलं तरी निघतच नाईत."

कुत्रा इकडेतिकडे बघतो. तो काय बोलणार? डॉक्टर थांबलेले, हनुवटी तशीच खांद्यावर, कान मागे.

मी फोन तोंडाशी नेला आणि म्हणालो, "बसलो."

स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, कोनाशी बोलून राह्यले? मी कोणाशी नाही म्हणालो. व्हिडिओ तिथेच संपतो, गाडी निघालेली त्यात दिसत नाही. म्हणून मी तो पुन्हा लावला आणि या वेळी शब्द जरा लवकर दिला.