धक्का उस्ताद

धक्का उस्ताद गाडीचं बॉनेट उघडण्याआधी मालकाला खाली उतरवायचे आणि त्याच्याच हातून गाडी ढकलून घ्यायचे. मालक कितीही मोठा असो, सुटका नव्हती. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला आणि सफारी सूट घातलेले डॉक्टरसाहेब भर रस्त्यात आपल्याच गाडीमागे वाकलेले, हे दृश्य बुऱ्हाणपुरात शनवारा भागातल्या लोकांना नवीन नव्हतं. उस्ताद हात पाठीमागे बांधून शेजारून चालत आणि नजर चाकांवर ठेवत. गाडी सहज सरकली तरच पाना उचलत. त्यांचं खरं नाव मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर ते त्यांना शोभत नाही असंच वाटलं.

"पहिले धक्का, मग पाना," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी कुरकुर केली तर म्हणत, "साहेब, जी गाडी तुमच्याच्यानं हलत नाही, ती बिचारं इंजन रोज ओढून राहिलं. त्याची तकलीफ पहिले तुम्हाला समजली पाहिजे का नाही?" लोक मुकाट्याने ढकलत. मीही ढकललं, पण त्यांच्याकडे जायचं शहाणपण सुचायला मला जरा वेळच लागला.

माझे वडील, अण्णा, बहादरपूरचे केळीचे व्यापारी. व्यापार भरात असताना त्यांनी एक जुनी, लांबलचक विलायती गाडी घेतली होती. गल्लीतले लोक तिला आगबोट म्हणत. तिचं मूळचं भलंमोठं पेट्रोल इंजिन इतकं प्यायचं, की शेवटी अण्णांनी ते काढून त्या जागी जीपचं लहान डिझेल इंजिन बसवलं. त्या काळी असं करणारे पुष्कळ होते. बॉनेट उघडलं की आत अर्धी जागा रिकामी दिसायची. आई म्हणायची, इथे माझ्या लोणच्याच्या बरण्या छान राहतील.

त्या लहान इंजिनावर गाडीनं आम्हाला सगळीकडे नेलं, पण हळूहळू. दरवर्षी महाशिवरात्रीला असीरगडावर महादेवाच्या दर्शनाला जायचं ते याच गाडीतून, हा अण्णांचा नेम. तीन वर्षांपूर्वी मात्र चढावरच्या दुसऱ्या वळणावर गाडी बसली. सगळे उतरले तरी ती हलेना. मागून भाविकांनी भरलेला ट्रॅक्टर आला आणि त्यातून कुणीतरी ओरडलं, "काकाजी, टोचन लावून ओढू का?" सगळा ट्रॅक्टर हसला. ऐंशी पार केलेले अण्णा काठी टेकत उन्हातून चालू लागले. गाडीकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी किल्ली माझ्यापुढे टाकली. "विकून टाक." हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला गाडी हवीच होती. तो इंजिन काढून आत बाकडी टाकणार होता, म्हणजे गिऱ्हाइकांना गाडीत बसून जेवता येईल. "इंजन काढणार ना? बरं होईल," अण्णा म्हणाले. पण रोज संध्याकाळी दारासमोर त्या गाडीत अर्धा तास बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारायच्या, ही त्यांची सवय त्या दिवसापासून बंद झाली. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडू लागले. जेवण निम्म्यावर आलं. मला भीती वाटायला लागली ती गाडीची नव्हे. हॉटेलवाल्याला मी सांगितलं, पुढच्या महाशिवरात्रीनंतर बोलू. गाडी अण्णांना घेऊन गडावर चढली तर राहील, नाही तर तुमची.

एका मेकॅनिकनं डिझेल पंपाचा स्क्रू पिळून दिला. "अब देखो पॉवर!" म्हणाला. पॉवर दिसली नाही, काळा धूर मात्र सगळ्या मोहल्ल्याला दिसला. दुसरा म्हणाला, मोठं इंजिन टाका. मग मी मुकाट शनवाऱ्याची वाट धरली.

उस्तादांनी धूर पाहिला आणि नाक मुरडलं. "सर, पोट भरलेल्याला आणखी पोळ्या कोंबल्या तर तो धावणार का?" त्यांनी स्क्रू होता तिथे आणला आणि रस्त्याकडे बोट दाखवलं. मी बाह्या सरसावल्या. सगळा जोर लावला तरी गाडी बोटभर हलेना. पानटपरीवरचे चार जण मदतीला उठले, तर उस्तादांनी त्यांना बसवलं. मग मला विचारलं, "सर, तुम्ही शाळेत काय शिकवून राहिले?"

"भौतिकशास्त्र," मी धापा टाकत म्हणालो.

"मतलब?"

"म्हणजे... घर्षण वगैरे."

"हां," म्हणाले आणि चाकापाशी वाकून ब्रेक बघू लागले. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

चारही चाकांचे ब्रेक आतून धरलेले निघाले. सायलेन्सरमध्ये काजळीचा दगड झाला होता. हवेच्या जाळीत तर चिमणीच्या घरट्याएवढा कचरा. आठवडाभर उस्ताद एकेक मोकळं करत होते आणि रोज मला धक्का मारायला लावत होते. गाडी सरकायला लागली, तरी ते खूश नव्हते. "पुढून जड आहे. लहान इंजन, आणि पुढून जड? कायला?" असं पुटपुटत ते हातोडी घेऊन गाडीखाली शिरले. ठण, ठण असा आवाज येत होता. मग एकदम ठप्प, आत काही भरलेलं असावं तसा. पुन्हा ठप्प. बराच वेळ ते बाहेरच आले नाहीत.

आले ते ऑइलच्या डब्यावर बसले. चेहरा उतरला होता. "सर, ही वेल्डिंग माझीच आहे."

हळूहळू सगळं उलगडलं. जुनं जड इंजिन निघाल्यावर गाडीचं नाक वर उचललं गेलं होतं. अण्णांचा जन्म तराजूपुढे गेलेला. दांडी जरा तिरकी दिसली तरी त्यांना चैन पडत नसे. त्यांनी वखारीतली वीस-वीस किलोची सहा लोखंडी वजनं आणली आणि बंपरच्या मागे पेटी करून बसवायला सांगितलं. गाडी सरळ झाली. वर रंग चढला आणि वजनं सगळे विसरले, उस्तादही. ते लहान इंजिन इतकी वर्षं आम्हाला आणि आमच्या वखारीला एकदमच ओढत होतं.

"स्प्रिंगचा एक फेर कापला असता तर तेव्हाच नाक खाली आलं असतं," उस्ताद म्हणाले. "मला तेव्हा बी मालूम होतं. पण अण्णाशेठ म्हणाले वजन, मी वजन लावलं. नवीन होतो. मोठ्या माणसाला नाही म्हणायची हिंमत नव्हती." मी म्हणालो, जाऊ द्या, अण्णांना कशाला सांगायचं? तर त्यांनी माझ्याकडे नुसतं रोखून पाहिलं.

त्याच दुपारी ते हात धुऊन घरी आले आणि अण्णांच्या खाटेपाशी उभे राहिले. "अण्णाशेठ, गलती माझी आहे. तुमचं इंजन कमजोर नव्हतं." आणि सगळं सांगून टाकलं. अण्णा भिंतीकडे तोंड करूनच ऐकत होते. मग हळूच या कुशीवर वळले.

"सहाच्या सहा आहेत?"

"हो."

"वजनांवरचे सरकारी शिक्के शाबूत आहेत?"

"आहेत ना."

अण्णा उठून बसले. "वजन लाव मीच म्हटलं होतं. तू कशाला गलती घेतो? आण माझी वजनं परत." आणि मग त्यांना जे हसू फुटलं, ते थांबेना. आई आतून पाणी घेऊन धावत आली. मी तोंड फिरवून डोळे पुसले, खोटं कशाला बोलू!

उस्तादांनी स्प्रिंग कापली आणि मागच्या धुऱ्याचे गिअरही बदलले. मला समजावलं, "पोतं घेऊन माडीवर जाताना दोन-दोन पायऱ्या चढते का कोणी? एक-एकच चढावी. आता सपाटीवर ती जरा हळू जाईल, पण चढावर बसणार नाही." माझ्या पुस्तकात हेच दोन पानं खाऊन लिहिलंय.

महाशिवरात्रीला आम्ही सहा जण गाडीत बसलो. उस्तादांना आग्रह केला, तर म्हणाले, "एवढं वजन काढलं, आता मी बसू?" ते मागून आपल्या लुनावर आले, पायाशी लाकडी गुटका ठेवून. गाडी मागे यायला लागली तर चाकाखाली घालायला. दुसरं वळण जवळ आलं. मी आरशात पाहिलं. अण्णांनी एका हातात काठी घेतली होती आणि दुसरा हात दाराच्या कडीवर होता, उतरायच्या तयारीत. मी खालचा गिअर टाकला. इंजिन घुमलं, दमलं नाही. वळण आलं आणि मागे गेलं. अण्णांचा हात कडीवरून सुटला आणि मांडीवर येऊन पडला. वर पोचल्यावर उस्तादांनी गुटका माझ्या हातात दिला. "ठेवा. लागणार नाही."

गाडी विकायची नाही, असं हॉटेलवाल्याला मी त्याच दिवशी कळवलं.

मागच्या दिवाळीनंतर उस्तादांनी शेड बंद केली. डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं, म्हणून लेक त्यांना जळगावला घेऊन चालली. जायच्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले. चहाला नाही म्हणाले. गाडी दारासमोर उभी होती आणि आत नेहमीप्रमाणे अण्णा बसलेले होते. उस्तादांनी मला खुणेनेच मागे उभं केलं. मी हँडब्रेक सोडला आणि मागून हात लावला. उस्ताद हात पाठीमागे बांधून शेजारून चालू लागले. चाकं त्यांना धड दिसत नसावीत. ते कान देऊन ऐकत होते. गाडी आवाज न करता सरकली.

अण्णांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय रे, इंजन चालू केलं का?"

"नाही अण्णाशेठ," उस्ताद म्हणाले. "आता ती अशीच जाते."