ग्रुप फोटोत कडेला उभा राहिलेला पंक्या

दोस्तहो, आज मला कुणाची टिंगलसुद्धा सुचत नाहीये.

माझा मित्र पंक्या फौजेत आहे. सुट्टी संपली, म्हणून सकाळी त्याला सोडायला भुसावळ स्टेशनला गेलो. त्याच्या आईला भिंतीवर लावायला एक फोटो हवा होता, घरातले बठ्ठे एकत्र.

माझ्या मिररलेस कॅमेऱ्याला मी अडॅप्टर लावून जुन्या रेंजफाइंडर फिल्म कॅमेऱ्याची वाइड लेन्स बसवलीय. शायनिंग मारायला तीच नेली.

पंक्या डब्याच्या दाराशी, एकदम कडेला उभा. मी ओरडलो, "मधे ये ना, नवरदेवा!"

"गाडी सुटली तर तू काय खांद्यावर नेशील का? काढ पटकन!"

या लेन्सला फोकस हातानेच करावा लागतो. मधे उभ्या काकूंच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, डोळ्यांवर केला, बटण दाबलं आणि गाडी हलली. दुसरा फोटो नाहीच.

त्यांच्या घरी येऊन लॅपटॉपवर उघडला. काकूंच्या पापण्या मोजून घ्या, इतक्या साफ. पंक्याचा चेहरा मात्र ओल्या बोटाने पुसल्यासारखा. फिल्मसाठी बनलेल्या अशा लेन्सचा उजेड कडेला सेन्सरवर तिरका पडतो आणि तिथलं चित्र फिसकटतं. हे ज्ञान याच ग्रुपवर मीच तुम्हाला पाजलं होतं.

काकूंनी स्क्रीनवर कडेच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "हाऊ कोन शे रे?"

मग त्यांनी त्याचे बूट ओळखले आणि आत निघून गेल्या.

आत्ताच गाडीतून पंक्याचा मेसेज आलाय, "फोटो टाक ना भो."

काय टाकू?