भुरीचे डोहाळे

साऱ्या गावाला अक्कल वाटत फिरणारी बाई म्हणून मला ओळखता ना? मग माझी स्वतःची अक्कल एकदा कुठे चरायला गेली होती, ते ऐका. आधीच सांगते, ही गोष्ट डुकरिणीची आहे. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. जऊळक्याच्या स्टेशनापलीकडे आमची वस्ती होती, दारात डुकरं होती आणि त्यांच्याच जिवावर आमची चूल पेटायची. त्याची लाज मला तेव्हा नव्हती, आता तर नाहीच.

इंग्रजांचं राज्य होतं. मी नवी नवरी, अंगात रग. शाळेची पायरी चढले नव्हते, पण स्टेशनच्या पाटीवरून अक्षरं माझी मी लावायला शिकले होते. त्यामुळे जगातलं सगळंच आपल्याला कळतं, असा पक्का समज!

सासूबाईंची भुरी नावाची डुकरीण गाभण होती. त्यातच नणंदेच्या बाळंतपणाला त्या किन्हीराजाला निघाल्या. जाताना म्हणाल्या, "भुरीले सांभाळजो. पिल्लं धडधाकट झाली त त्यातली एक मादी तुही."

अंगावरचं लुगडं सोडलं तर त्या घरात माझं म्हणावं असं काय होतं? मडकंसुद्धा नाही. आणि एक मादी म्हणजे पुढे तिची पिल्लं, त्या पिल्लांची पिल्लं. मी तर त्यांची नावंही ठरवून टाकली.

पहिलं काम, भुरीचं हिंडणं बंद. पोटुशी बाई उन्हातान्हात कशाला हिंडेल? तिला निंबाखाली बांधली. मग ज्वारीचा भरडा, भुईमुगाची पेंड, ताक, वर गुळाचा खडा. शेजारीण म्हणाली, डोहाळे लागले असतील, चिंच देऊन पाहा. दिली. भुरीने थुंकली. म्हटलं, बरोबर, हिला गोडाचे डोहाळे आहेत. गुळाचा खडा मोठा झाला.

नवरा रात्री ताटावर बसला की म्हणायचा, "भुरीच्या टोपल्यात काई उरलं असंल त मलेबी वाढ."

भुरी फुगत गेली. आधी मान गेली, मग डोळे गेले. उठायची म्हणजे सगळ्या वस्तीला दिसेल असा सोहळा. लोक मुद्दाम बघायला यायचे. मी पदर खोचून सांगायची, पोटात पिल्लांची वरात आहे वरात!

माझी थोरली जाऊ तुळसा. तिचीही डुकरीण गाभण होती, पण ती दिवसभर बांधाबांधाने हिंडायची आणि संध्याकाळी कोंडा खायची. मी तुळसाला सुनवायची, "जाऊबाई, तुमची त उपासच करून राह्यली." तुळसा नुसती हसायची. शहाणी असते तर त्या हसण्यातच समजले असते.

सासूबाई परतल्या त्या निंबाखाली थबकल्या. भुरीच्या पाठीवर तळवा दाबून फिरवला. पुन्हा फिरवला.

"हिचा कणा कुठं गेला वं?"

"आत असंल ना, आत्याबाई."

"कणा डोयाले दिसू नये, पण तळवा दाबला का हाताले लागला पाह्यजे. हे त गादी हाये. व्यातानाच दमून जाईल हे. अन् पिल्लायले दूध कुठून येईन?"

मला वाटलं, म्हातारीच्या पोटात दुखतंय.

भुरी व्यायला लागली ती सकाळी, आणि उन्हं उतरली तरी कण्हतच होती. वरात कसली? उंदराएवढी चार पिल्लं, तीही थरथरणारी. भुरीला ना पान्हा, ना उठायचं बळ. ती कुशीवर वळली आणि एक पिल्लू तिच्याखालीच चेंगरून मेलं. तुळसाची डुकरीण नुकतीच सुखाने व्याली होती, पिल्लं गुटगुटीत, दूध वाहत होतं. तुळसाने माझी उरलेली पिल्लं उचलली आणि आपल्या डुकरिणीला लावली. ती जगली. आणि तिन्हीच्या तिन्ही नर निघाली!

मी रडत बसले, तर सासूबाईंनी भुरीची दोरी माझ्या हातात दिली.

"मादी कबूल केली व्हती ना? हे घे. तुनं फुगवली, आता तूच उतरव."

झालं. रोज सकाळी रुळाच्या कडेकडेने मी आणि भुरी. ती जराशी चालायची आणि बसायची. मी पुढून ओढायची, मागून ढकलायची. फलाटावरची माणसं गाडीची वाट बघायची सोडून आमच्याकडे बघायची. ती वस्ती आता नाही, सासूबाई नाहीत, तुळसाही गेली. पण कोवळं ऊन पडलं की अजून माझ्या मुठीत ती दोरी ओढ घेते.

सुगी आली. एका सकाळी सासूबाईंनी भुरीच्या पाठीवर तळवा दाबून पाहिला आणि पसंतीची मान हलवली. मग तोच तळवा माझ्या पाठीवरून फिरवला आणि चुलीपाशी बसलेल्या तुळसाला म्हणाल्या,

"आजपासून भरडा हिले घाल वं. हिचा कणा त आता डोयाले दिसून राह्यला."