एक दिवस बसून ये

मोठेपणी तू कोण होणार, हा प्रश्न मास्तरांनी कुठल्याच मुलाला कधी विचारला नाही. दुसऱ्या कुणी त्यांच्यासमोर विचारला तर त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. म्हणायचे, "त्याला काय ठाऊक? त्यानं पाहिलंय काय अजून? बापाचं शेत, शाळा आणि स्टेशन." मॅट्रिकच्या वर्गातला मुलगा पुढे काय करू असं विचारायला आला, की मास्तर त्याचं सगळं ऐकून घेत आणि शेवटी एवढंच सांगत, "एक दिवस बसून ये." त्यावरून मुलांनी त्यांचं नाव 'बसून-ये मास्तर' पाडलं. खरं नाव शाळेच्या दप्तरात होतं, तेवढंच.

मी लोणावळ्याच्या त्या हायस्कुलात पाणी भरत होते. माझी शाळा टाकव्याला चौथीपर्यंत झाली. मालक रेल्वेत गँगमन, घाटातल्या रुळांवर. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. हायस्कूल शिकणं हेच तेव्हा नवलाचं होतं. त्याच्या पुढे काय असतं, हे आमच्याकडच्या आईबापांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मास्तर शिकवायचे गणित, पण नाव झालं ते या बसवण्यानं.

बसून येणं म्हणजे असं, की ज्याला वकील व्हायचंय त्यानं वडगावच्या कोर्टात जाऊन दिवसभर बाकावर बसायचं. ज्याला इंजिन चालवायचंय त्यानं इंजिनांच्या शेडमध्ये. मास्तर आधी पोस्टकार्ड टाकून त्या त्या माणसाची परवानगी काढत. नियम दोनच होते. मध्ये तोंड उघडायचं नाही आणि तिथलं काम संपेपर्यंत उठायचं नाही. संध्याकाळी मास्तर आपल्या घराच्या पायरीवर बसलेले असत. मुलगा आला की विचारत, "काय पाहिलंस?" आणि मग गप्प. पोरगं ज्याविषयी आपण होऊन बोलत सुटायचं, तेच ते खरं धरायचे.

एका बंगल्याच्या माळ्याचा एकनाथ म्हणून मुलगा होता. त्याला वकील व्हायचं होतं. काळा कोट त्याला फार आवडायचा. तो कोर्टात बसून आला आणि वकिलांविषयी एक शब्द बोलला नाही. कुणाच्या तरी बांधाचं भांडण होतं, त्याचा नकाशा टेबलावर पसरला होता, ओढा कुठून वळवून काढला होता आणि तो कसा चुकीचा काढला होता, हेच तो सांगत राहिला. मास्तर म्हणाले, "एकनाथ, कोट राहू दे. तू मोजणीच्या शिक्षणाला जा." तो गेला. पुढे त्यानं अर्धा जिल्हा साखळीनं मोजला, असं तो स्वतः सांगतो. मी काही त्याच्या मागे फिरले नाही.

मास्तरांचं नेहमी बरोबर यायचं असं कुणी समजू नये. बाजारातल्या एका दुकानदाराच्या मुलाला त्यांनी पुण्याला कॉलेजात सायन्सला घालायला लावलं. तो दिवाळीच्या आधीच ट्रंक घेऊन परत आला. मास्तर दुसऱ्याच दिवशी दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर त्याच्या बापाला म्हणाले, "माझं चुकलं. मी त्याला बसायला पाठवलं, पण संध्याकाळी त्याचं ऐकलंच नाही. माझ्याच मनातलं ऐकलं." मी तेव्हा गूळ घ्यायला उभी होते. तोवर मी त्यांना चक्रम समजत होते. त्या दिवसापासून समजायचं सोडलं.

शनिवारी शाळा सुटली की ते ओसरीवर मोठ्या मुलांना बसवून पुण्यामुंबईच्या कॉलेजांची माहितीपत्रकं मोठ्यानं वाचत. कुठे किती वय लागतं, कुठे संस्कृत लागतं, कुठे सायन्स, अर्ज कधी पोचला पाहिजे, सगळं दोनदा. मी त्या वेळी रांजण जरा सावकाश भरायची. एकदा त्यांनी पोरांना शेतकी कॉलेजाची शेवटची तारीख विचारली. एकालाही येईना. तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "सोनाबाई, तुम्ही सांगा हो." मी सांगितली. पोरं हसली. मला मात्र राग आला. पाणी भरायचं सोडून ही ऐकत बसते, असं हेडमास्तरांच्या कानावर गेलं असतं तर?

माझी तारा याच शाळेत मॅट्रिकला होती. गँगमनची मुलगी मॅट्रिकला, म्हणून लोक वळून बघायचे. शिकलेल्या मुलीनं एक तर मास्तरीण व्हायचं नाही तर नर्स, तिसरं काही तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं. मास्तरांच्याही नव्हतं. त्यांनी तिला गावातल्या दवाखान्यात नर्सबाईंजवळ बसून यायला सांगितलं. संध्याकाळी मीही पायरीवर होते. तारा आली ती रोग्यांविषयी, नर्सबाईंविषयी काहीच बोलेना. दवाखान्यातल्या म्हाताऱ्या कंपाउंडरकडे काचेच्या पेटीत एक तराजू आहे, तो श्वासानंसुद्धा हलतो, म्हणून ते पुडी तोलताना तोंड बाजूला करतात. कुठल्या बाटलीवर लाल चिठ्ठी असते, ती वेगळ्या कपाटात का ठेवतात. असं ती दिवे लागेपर्यंत सांगत बसली. मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, "ही कंपाउंडर होईल."

मी म्हटलं, "बाई कुटं कंपाउंडर असती का?"

"मला माहीत नाही. विचारतो," असं म्हणून त्यांनी त्याच दिवशी पोस्टकार्ड लिहिलं.

उत्तर आलं. पुण्याला शिक्षण होतं, मॅट्रिक झालेली मुलगी चालणार होती. वय मात्र जूनमध्ये अठरा पूर्ण हवं होतं आणि त्याला गावच्या जन्माच्या नोंदीचा उतारा लागत होता. शाळेतली तारीख पुण्याच्या लोकांना चालत नव्हती, आणि त्यांचं बरोबरच होतं. शाळेत घालताना गुरुजींनी माझ्या तोंडाकडे बघून जी सुचली ती तारीख लिहिली होती. मला कुठे ठाऊक होती? भाताची पेरणी चालली होती एवढंच सांगता आलं असतं.

मास्तर रविवारी कान्ह्यापर्यंत गाडीनं गेले आणि तिथून चालत टाकव्याला. पाटलांकडची जुनी वही काढायला लावून त्यांनी नोंद शोधली. परत आले ते एका कागदावर दोन तारखा घेऊन. आमच्याकडे नोंदीत मुलाचं नाव नसायचं. बापाचं नाव आणि पुढे मुलगी. तशा दोन मुली आमच्या नावावर होत्या, दोन वर्षांच्या अंतरानं. मास्तरांनी विचारलं, "यातली तारा कोणती?"

पहिली धरली तर वय पुरत होतं. दुसरी धरली तर एक वर्ष कमी पडत होतं. मी म्हटलं, "पहिली लिवा."

"ही दुसरी मुलगी कुठे असते मग?"

खोटं बोलायचं तर पुढचंही खोटं तयार पाहिजे. माझ्याजवळ नव्हतं. मी सांगून टाकलं, की पहिली ती चंद्रा, दीड वर्षाची होऊन गेली. तारा दुसरी.

मास्तर म्हणाले, "मग पहिली तारीख चंद्राचीच राहू द्या."

मला संताप आला. मी म्हटलं, "मास्तर, मेल्या पोरीला तारीख कशाला लागती? जित्या पोरीला लागती."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "सोनाबाई, ताराला उद्या विष तोलायचंय. पहिलंच माप खोटं घालून तिला पाठवू नका." आणि कागद माझ्या हातात ठेवून गेले. तो कागद अजून माझ्याकडे आहे. चंद्राचा जन्मदिवस कोणता, हे मला त्या कागदावरून कळलं.

वय कमी म्हणजे वर्षभर थांबणं आलं. तेवढं वर्ष तारानं दवाखान्यात त्या म्हाताऱ्या कंपाउंडरजवळ बसावं, बाटल्या धुवाव्यात, बघावं, असं मास्तरांनी ठरवून आणलं. पण घरात वेगळंच चाललं होतं. टाकव्याहून माझे थोरले दीर कान्ह्याचं स्थळ घेऊन आले होते. ते म्हणाले, "पोरगी सतराची झाली. मॅट्रिक शिकली ती बी लय झालं. ते घर पुन्यांदा इचारायला यायचं न्हाई." मालक भावापुढे कधी बोलले नाहीत. माझंही मन फिरलं होतं. पुण्याला गेली असती तर गोष्ट वेगळी. वर्षभर बाटल्या धुणारी पोरगी दाखवून मी लोकांना काय सांगणार होते? बाजारच्या दिवशी दिरांना होय कळवायचं, असं मी मनाशी ठरवलं आणि मास्तरांनाही जाऊन तसं सांगितलं. आडून बोलायची मला सवय नाही.

मास्तर रागावले नाहीत. समजूतही घातली नाही. म्हणाले, "मुलगी तुमची आहे. तुम्ही ठरवाल तेच होईल. पण आधी एक दिवस बसून या."

मी म्हटलं, "मी काय मॅट्रिकला हाय का?"

"नियम तुम्हाला माहीत आहेत," ते म्हणाले आणि हेडमास्तरांकडून माझी एका दिवसाची रजा काढून आणली.

मी गेले. दवाखान्याच्या बाकावर सकाळपासून बसले. इतकी बसून मी आयुष्यात कधी राहिले नव्हते, कंबर धरली. तारा आत बाटल्या धूत होती, मला तिची पाठ दिसत होती. कंपाउंडर औषध करायचे, बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायचे. पट्टीला कात्रीनं खाचा मारलेल्या, एक खाच म्हणजे एका वेळचं औषध. बाटली पुढे सरकवून मान वर न करता म्हणायचे, "दिवसातून तीनदा." माणूस चांगला होता, पण सकाळपासून शंभर वेळा तेच म्हटल्यावर कुणाचीही मान खालीच राहणार.

दुपारी डोंगरावरच्या वाडीतली एक ठाकरीण आली. बाटली घेऊन "व्हय" म्हणाली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. मी बघते तर तिनं बूच काढलं आणि सगळी बाटली तोंडाला लावायच्या बेतात. मला तोंड उघडायला बंदी. तरी मी उठलेच असते, तेवढ्यात तारा ओल्या हातांनीच बाहेर आली. तिच्याजवळ खाली बसली, तिचं बोट धरून खाचेवर ठेवलं आणि म्हणाली, "मावशे, गुरं सोडताना हितपर्यंत. दुपारची भाकर खाल्ली की हितपर्यंत. गुरं बांधताना हितपर्यंत. आता तू मला सांग."

बाईनं चुकीचं सांगितलं. तारानं पुन्हा सांगितलं. बाईनं पुन्हा चुकवलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं, तेव्हा तारानं बूच घट्ट बसवून बाटली तिच्या ओटीत दिली आणि आत जाऊन धुवायला लागली. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. घरी पण ही माझ्याकडून असंच दोनदोनदा वदवून घ्यायची, तेव्हा मी तिच्यावर खेकसायची.

संध्याकाळी मास्तर पायरीवर होते. त्यांनी विचारलं, "काय पाहिलंत?"

मी सांगायला लागले. ती बाई, ती बाटली, बोट कसं खाचेवर धरलं, तीन वेळा कसं वदवून घेतलं. कंपाउंडर माणूस बरा आहे, पण त्याला वाडीवरच्या बाईचा दिवस कसा मोजतात ते ठाऊक नाही, हेही सांगितलं. बरंच बोलले असेन. दिरांचं, स्थळाचं नाव माझ्या तोंडी आलंच नाही, हे माझ्याच ध्यानात आलं आणि मी थांबले. मास्तर नेहमीसारखे गप्प होते. मी उठले आणि म्हटलं, "फुडच्या जूनचा अर्ज भरा. दुसरी तारीख लिवा."

दिरांना 'नाही' म्हणून कळवलं. ते मीच जाऊन सांगितलं, मालकांना पाठवलं असतं तर होय सांगून आले असते. दोन वर्षं दीर आमच्या घरी जेवले नाहीत. पुढे त्यांना हिवताप झाला, तेव्हा ताराच्या हातचं औषध मात्र खाचेबरहुकूम घेतलं. तारा पुण्याहून पास होऊन आली, त्याच दवाखान्यात लागली आणि म्हातारे कंपाउंडर थकल्यावर तो तराजू तिच्याकडे आला. लग्नही झालं, तिच्या सवडीनं.

मास्तर रिटायर होऊन साताऱ्याकडे आपल्या गावी गेले. जाताना माहितीपत्रकांचा गठ्ठा त्यांनी एका तरुण मास्तरांकडे दिला. त्या मास्तरांनी दोन मुलांना बसायला पाठवलं आणि मग सोडून दिलं. गावात बरेच जण मग माझ्याकडे यायला लागले, मुलीला पुढे काय करू विचारायला. चौथी शिकलेल्या बाईला विचारतात. मी काय सांगणार, मला एकच येतं. आजवर बऱ्याच जणींना बसवलं. संध्याकाळी गप्प बसणं मला अजून जमत नाही, एवढाच फरक.

मास्तर पुन्हा एकदाच आले. लढाई संपली होती. तारा घरी येऊन सांगत होती, की सकाळी बाकावर एक म्हातारा येऊन बसला. डोळ्यांत मोतीबिंदू, हातात काठी. त्याचा नंबर आला तरी उठेना. औषध कशावर हवं विचारलं तर म्हणाला, "औषध नको. बसायला आलोय." आवाजावरून तिनं ओळखलं. चहा दिला तर घेतला, पण बोलले काही नाहीत. नियम म्हणजे नियम. दवाखाना बंद व्हायच्या वेळेपर्यंत बसले.

मग तारा त्यांच्याजवळ बाकावर बसली आणि तिनं विचारलं, "मास्तर, काय पाहिलंत?"

ते म्हणाले, "मला आता दिसत नाही, तारा. ऐकलं. दिवसभरात तू एकालाही 'कळलं का' म्हणून विचारलं नाहीस. सगळ्यांना 'आता तू मला सांग' म्हणालीस. मी इतकी वर्षं शिकवलं आणि 'कळलं का'च विचारत राहिलो. पोरं हो म्हणायची."

एवढं बोलून ते काठी घेऊन उठले. तारा त्यांना गाडीत बसवून आली.